साधनाचे नाव नको, नियम लिहा : अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रम समित्यांना खुले पत्र

प्रति,
माध्यमिक व उच्च माध्यमिक स्तरावरील अर्थशास्त्र विषयाच्या अभ्यासक्रम आणि मूल्यमापन समित्यांचे सर्व सन्माननीय सदस्य,

सविनय नमस्कार.

अर्थशास्त्राचा अभ्यासक्रम नव्याने लिहिला जातो तेव्हा अध्यापन पद्धतींच्या प्रकरणात हल्ली एक वाक्य हमखास येते : विद्यार्थ्यांनी ऑनलाइन साधनांच्या आधारे परस्पर सहकार्याने काम करावे. वाक्य निरुपद्रवी आहे. त्याला कोणी विरोध करत नाही आणि बहुधा म्हणूनच त्याची अंमलबजावणीही कोणी फारशी मनावर घेत नाही. शिक्षक एक सामायिक दस्तऐवज उघडून देतात, गटातली एक-दोन मुले त्यात मजकूर लिहितात, बाकीची मुदत संपण्याच्या आदल्या रात्री आपापली नावे घालतात आणि प्रकल्प पूर्ण झाल्याची नोंद होते. कागदावरच्या प्रकल्पांतही पूर्वी हेच होत असे. आता ते इंटरनेटवर होते, एवढाच काय तो फरक.

उच्च माध्यमिक वर्गांना अर्थशास्त्र शिकवणारी शिक्षिका या नात्याने मला आपल्यासमोर एकच मुद्दा मांडायचा आहे. इतर विषयांत ही साधने शिकवण्याचे माध्यम असतील, अर्थशास्त्रात मात्र ती स्वतःच अभ्यासाचा विषय होऊ शकतात. सामायिक शीट म्हणजे कोणी काय पाहायचे, कोणी काय बदलायचे, केव्हा आणि कोणाच्या नावाने, हे ठरवणाऱ्या नियमांचा संच असतो. बाजारपेठेला, लिलावाला, गावकीच्या कुरणाला आणि सरकारी अंदाजपत्रकालाही असेच नियम असतात, आणि नियम बदलले की तीच माणसे निराळी वागू लागतात. आपल्या विषयाचा गाभा तो हाच. म्हणून अभ्यासक्रमात एखाद्या साधनाचे नाव किंवा ‘ऑनलाइन साधने’ असा ढोबळ उल्लेख असण्याऐवजी, कोणत्या घटकासाठी ती कोणते नियम लावून वापरायची, हे लिहिलेले असावे, अशी माझी विनंती आहे. साधने येतील आणि जातील. वॉर्ड कनिंगहॅम यांची पहिली विकी, म्हणजे वाचकांनाच संपादित करता येणारे संकेतस्थळ, १९९५ सालची, आणि एकाच दस्तऐवजात अनेकांनी एकाच वेळी लिहिण्याची सोय देणारे गूगल डॉक्स २००६ सालचे. तेव्हा नावीन्याची सबब आता पुरणार नाही, आणि नावीन्याचे कौतुकही.

मागणी, पुरवठा आणि समतोल किंमत (जिथे मागणी आणि पुरवठा सारखे होतात ती) या घटकापासून सुरुवात करते, कारण तिथे हे सर्वांत स्पष्ट दिसते. हार्वर्ड विद्यापीठात शिकवणाऱ्या एडवर्ड चेंबरलिन यांनी आपल्या वर्गात भरवलेल्या लुटुपुटुच्या बाजारांचे निष्कर्ष १९४८ साली प्रसिद्ध केले. प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती एक चिठ्ठी असे. खरेदीदाराच्या चिठ्ठीवर त्याने जास्तीत जास्त किती द्यावे हे लिहिलेले असे, विक्रेत्याच्या चिठ्ठीवर त्याने कमीत कमी किती घ्यावे हे. मुले वर्गभर हिंडत आणि दोघादोघांत सौदे करत. पुस्तकातले वक्र जिथे छेदतात तिथे हे व्यवहार जाऊन थांबले नाहीत. सौद्यांची संख्या समतोलाच्या संख्येपेक्षा बहुतेक वेळा जास्त भरली. नंतरच्या काळात याच प्रयोगात भाग घेतलेल्या विद्यार्थ्यांपैकी एक होते व्हर्नन स्मिथ. पुढे पर्ड्यू विद्यापीठात शिकवू लागल्यावर त्यांनी दोन गोष्टी बदलल्या. प्रत्येक बोली सर्वांना कळेल अशी जाहीर करायला लावली आणि तोच बाजार त्याच चिठ्ठ्यांवर पुन्हा पुन्हा भरवला. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत किमती काही फेऱ्यांतच समतोलाकडे सरकताना दिसतात. या आणि अशा प्रायोगिक कामासाठी २००२ साली त्यांना डॅनियल कानमन यांच्याबरोबर अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

आता वर्गातल्या साधनांकडे याच नजरेने पाहा. दोघांतले खासगी चॅट म्हणजे चेंबरलिन यांचा बाजार, आणि सर्वांना एकाच वेळी दिसणारी सामायिक शीट म्हणजे स्मिथ यांचा. बारा विद्यार्थी घ्या. सहा खरेदीदारांची कमाल मूल्ये १००, ९०, ८०, ७०, ६० आणि ५० गुण असू द्या. सहा विक्रेत्यांचे किमान खर्च ४०, ५०, ६०, ७०, ८० आणि ९० गुण. समतोल किंमत ७० येते, सौदे तीन किंवा चार होतात, आणि खरेदीदाराचे मूल्य वजा विक्रेत्याचा खर्च अशी बेरीज केली तर सर्वांचा मिळून लाभ १२० गुणांचा भरतो. परंतु पहिली फेरी खासगी चॅटवर घेतली, तर असेही होऊ शकते की १०० वाल्याला ९० वाला विक्रेता भेटतो, ९० वाल्याला ८० वाला, आणि याच क्रमाने अगदी खाली ५० वाल्याला ४० वाला. सहाच्या सहा सौदे होतात, कोणीही रिकाम्या हाताने परतत नाही, बाजार गजबजलेला दिसतो, आणि एकूण लाभ मात्र ६० गुण, म्हणजे बरोबर निम्मा. प्रत्यक्षात इतकी काटेकोर चुकीची जुळणी क्वचितच होते, हे मान्य. पण त्या दिशेचे काही सौदे झाले तरी मुद्दा वर्गाच्या लक्षात येतो. जास्त व्यवहार म्हणजे जास्त कल्याण, ही समजूत वर्षभराच्या व्याख्यानांनी हलत नाही. स्वतः केलेल्या सौद्यांची बेरीज शीटच्या तळाशी पाहिल्यावर ती हलते.

दुसरी फेरी सामायिक शीटवर घ्यावी. बोलीसाठी एक रकाना, विक्रेत्याच्या मागणीसाठी दुसरा, नावांऐवजी क्रमांक, आणि एकदा लिहिलेली बोली मागे घेता येणार नाही असे कुलूप. तिसऱ्या फेरीत शिक्षकांनी ५५ गुणांची कमाल किंमत जाहीर करावी. आता विकायला तयार असलेले दोघेच उरतात आणि घ्यायला तयार असलेले पाच. दोन नग कोणाला मिळाले? ज्यांची बोटे वेगाने चालली आणि ज्यांचे इंटरनेट तुटले नाही त्यांना. ते दोघे १०० आणि ९० वाले असतील तर लाभ १०० गुण, ७० आणि ६० वाले असतील तर अवघा ४०. किंमत नियंत्रणाखाली वाटप मूल्यानुसार न होता रांगेनुसार होते, हे पाठ्यपुस्तकातले वाक्य आहे; इथे रांग प्रत्यक्ष लागते, आणि ज्याचे कनेक्शन मंद तो तक्रार करतो की हे न्याय्य नाही. त्या तक्रारीवर चर्चेसाठी पुढचा तास राखून ठेवावा, असे माझे मत आहे. कमाल किमतीच्या बाजूने काय म्हणता येईल, तेही त्याच तासात आले पाहिजे, कारण नियंत्रणामुळे ज्यांना वस्तू स्वस्तात मिळाली त्या दोघांचे म्हणणे वर्गात हजर असतेच.

याच्या उलट एक नियमही सांगायला हवा. काही कामांत सर्वांना सर्व काही दिसणे घातक ठरते. वर्गाची मागणी सारणी तयार करण्यासाठी ‘या किमतीला तुम्ही किती नग घ्याल’ असे विचारले आणि उत्तरे सामायिक शीटवरच भरायला लावली, तर पहिल्या चार-पाच उत्तरांनंतरची उत्तरे ही मागणी राहत नाही, ती नक्कल होते. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १९०७ साली एका प्रदर्शनातील बैलाच्या वजनाविषयीच्या ७८७ अंदाजांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अंदाजांचा मध्यांक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा अंदाज, १२०७ पौंड निघाला आणि खरे वजन होते ११९८ पौंड. तिथे प्रत्येकाने आपला अंदाज स्वतंत्रपणे कागदावर लिहून दिला होता, हे विसरून चालणार नाही. अशा कामासाठी ऑनलाइन फॉर्म वापरावा, उत्तरे झाकलेली असावीत आणि सर्वांची उत्तरे आल्यावरच ती उघडावीत. साधन एकाच कंपनीचे असले तरी शीट आणि फॉर्म यांचे नियम भिन्न आहेत, आणि अभ्यासक्रमाने हा फरक नोंदवला नाही तर शिक्षक हाताशी असेल ते वापरतील.

सार्वजनिक वस्तू, म्हणजे ज्यांचा लाभ पैसे न देणाऱ्यालाही नाकारता येत नाही अशा वस्तू, हा घटक आपण सहसा दीपगृहाचे उदाहरण देऊन संपवतो. त्याऐवजी चौघांचा गट करावा आणि प्रत्येकाला १० गुण द्यावेत. त्यातले हवे तितके स्वतःकडे ठेवायचे, हवे तितके गटाच्या खात्यात टाकायचे. खात्यातली रक्कम दुप्पट होते आणि चौघांत सारखी वाटली जाते. सर्वांनी सर्व गुण टाकले तर प्रत्येकाला २० मिळतात, कोणीच काही टाकले नाही तर प्रत्येकी १० राहतात, आणि तिघांनी सर्व टाकून चौथ्याने काहीच टाकले नाही तर तिघांना १५ आणि त्या चौथ्याला २५. असे प्रयोग अनेक देशांत वारंवार झाले आहेत. पहिल्या फेरीत सरासरी योगदान साधारण निम्म्याच्या आसपास असते आणि फेऱ्या वाढतात तसे घसरत जाते, असे त्यांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे. वर्गात काही फेऱ्या नावे झाकून आणि काही नावे उघडी ठेवून घेता येतात, आणि मधल्या एका फेरीपूर्वी गटाला आपापसांत बोलण्याची मुभा देता येते. साधनातली एकच सेटिंग बदलायची, बाकी सारे तसेच ठेवायचे आणि योगदानाचा आलेख सर्वांसमोर उमटू द्यायचा. इतर सर्व घटक स्थिर ठेवून एकच घटक बदलणे म्हणजे काय, हे सांगण्याची याहून सोपी जागा मला ठाऊक नाही.

मग ओघानेच दुसरी गोष्ट समोर येते. विद्यार्थ्यांचा गट-प्रकल्प हीच एक सार्वजनिक वस्तू असते. गुण सर्वांना सारखे, कष्ट ज्याचे त्याला, आणि फुकटा लाभार्थी कोण हे गटाला पहिल्या दिवसापासून माहीत. फ्रेंच कृषी अभियंता मॅक्स रिंगेलमान यांनी १९१३ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत, दोर ओढणाऱ्यांची संख्या वाढली की प्रत्येकाने लावलेले सरासरी बळ कमी होत गेल्याचे दिसले होते. त्यात काही वाटा ताळमेळ न जुळण्याचा होता आणि काही अंगचोरपणाचा. पुढे १९७९ साली मानसशास्त्रज्ञ बिब लाताने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवण्याच्या व ओरडण्याच्या प्रयोगांतून हे दोन भाग वेगळे करून दाखवले, आणि नंतरच्या प्रयोगांत असे आढळले की आपला वाटा वेगळा ओळखू येणार आहे हे माणसांना कळले की अंगचोरपणा बराच कमी होतो. सामायिक दस्तऐवजातला बदलांचा इतिहास नेमके हेच करतो : कोणी, केव्हा, काय लिहिले आणि काय खोडले, हे तो दाखवतो. कागदी प्रकल्पात ही सोय नव्हती.

इथे आपल्या मूल्यमापन समितीला एक मोह होईल आणि तो टाळावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. बदलांचा इतिहास उपलब्ध आहे म्हणून प्रत्येकाने केलेल्या बदलांची संख्या मोजून गुण देण्याचा नियम करू नये. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली चलनविषयक धोरणासंदर्भात जे निरीक्षण मांडले, त्याचा सर्वपरिचित अर्थ असा की मोजमापालाच उद्दिष्ट केले की ते चांगले मोजमाप राहत नाही. बदल मोजले जाणार हे कळताच मुले स्वल्पविराम घालतील, तोच काढतील आणि पुन्हा घालतील. शब्द मोजले तर कुठून तरी उचललेला चारशे शब्दांचा मजकूर एका क्षणात येऊन चिकटेल. हल्ली तो यंत्राकडून लिहवून घेणेही अवघड राहिलेले नाही. आणि ज्या मुलीने सर्वांच्या आकडेमोडीतली चूक शोधून एकच आकडा दुरुस्त केला, तिच्या नावावर एकच बदल पडेल.

मला सुचलेली रचना अशी आहे. गटाच्या सामायिक कामाला काही गुण असावेत, पण मोठा भाग प्रत्येकाच्या स्वतंत्र स्पष्टीकरणाला असावा. शिक्षकांनी गटाच्या शीटमधली एक संख्या किंवा एक आलेख निवडावा, आणि विद्यार्थ्याने वर्गात बसून, उपकरणाविना, कागदावर लिहावे की ही संख्या कुठून आली, तिची व्याख्या काय, ती मोजताना कशाचा विचार केलेला नाही आणि ती वगळली तर निष्कर्ष कसा बदलेल. कोणती संख्या विचारली जाईल हे आधी ठाऊक नसल्याने प्रत्येकाला संपूर्ण शीट समजून घ्यावीच लागते. बदलांचा इतिहास केवळ वाद झाला तर पुरावा म्हणून उघडावा. याखेरीज, काम सुरू होण्यापूर्वी गटाने आपले नियम दस्तऐवजाच्या पहिल्या पानावर स्वतःच लिहावेत : मुदत कोणती, दुसऱ्याचा मजकूर खोडण्यापूर्वी विचारायचे की नाही, काम न करणाऱ्याला पहिल्यांदा काय आणि दुसऱ्यांदा काय. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली नोबेल मिळाले ते सिंचन व्यवस्था, मासेमारीची क्षेत्रे आणि जंगले यांसारखी सामायिक संसाधने लोक स्वतः केलेल्या नियमांनी कशी टिकवतात, याच्या अभ्यासासाठी. आपसांतली देखरेख आणि चुकीच्या प्रमाणात चढत जाणारी शिक्षा हे त्या नियमांतले दोन महत्त्वाचे धागे त्यांनी दाखवले होते. त्यांच्या कामावर टीप लिहायला सांगण्याआधी मुलांनी चार ओळींचा असा करार करून तो पाळून किंवा मोडून पाहिलेला असावा. मोडला तर जास्तच बरे.

आता आकडेवारीच्या घटकाकडे येते, कारण सामायिक शीटचा सर्वांत जास्त वापर तिथे होतो आणि सर्वांत कमी विचारही तिथेच होतो. किंमत निर्देशांक, म्हणजे ठरावीक वस्तूंच्या संचाच्या किमती किती बदलल्या हे सांगणारा आकडा, शिकवताना आपण तयार कोष्टक देतो, सूत्र देतो आणि उत्तर काढून घेतो. एतियेन लासपेयर यांचे १८७१ सालचे सूत्र आधार वर्षाची परिमाणे भार म्हणून धरते आणि हरमान पाशे यांचे १८७४ सालचे चालू वर्षाची, एवढे मुलांना पाठ असते. दोन उत्तरे वेगळी का येतात हे मात्र सांगता येत नाही. वर्गाने स्वतः वस्तूंचा संच ठरवला, वस्तू आपसांत वाटून घेतल्या आणि ठरावीक अंतराने किमती एका शीटवर नोंदवल्या, तर पहिल्याच आठवड्यात प्रश्न उभे राहतात. किंमत तीच पण पुड्यातले वजन घटले, तर ही भाववाढ धरायची का? नोंदवायची वस्तू मिळालीच नाही तर चौकट रिकामी ठेवायची, मागचा आकडा चालवायचा की पर्यायी वस्तूचा घ्यायचा? एकाने सवलतीची किंमत लिहिली आणि दुसऱ्याने छापील, तर दोन्ही एका रकान्यात कशा बसतील? हे प्रश्न चौकटींना जोडलेल्या टिप्पण्यांमधून सोडवावेत आणि निर्णय तिथेच लिहून ठेवावा, असा नियम हवा. माझ्या दृष्टीने टिप्पण्यांची ती साखळी अंतिम निर्देशांकापेक्षा मोलाची आहे. जगभरच्या सांख्यिकी कार्यालयांना नेमके हेच प्रश्न दर महिन्याला सोडवावे लागतात.

तयार आकडेवारीबाबतही हेच. जागतिक बँकेने २०१० साली आपला आकडेवारीचा साठा सर्वांसाठी विनामूल्य खुला केला, तेव्हापासून वीस विद्यार्थ्यांनी वीस देश वाटून घेऊन एकच शीट भरणे अगदी सोपे झाले आहे. धोकाही तितकाच सोपा आहे : एकजण दरडोई उत्पन्न चालू किमतींना घेतो, दुसरी स्थिर किमतींना (म्हणजे भाववाढ वगळून), तिसरा क्रयशक्ती समतेने (म्हणजे देशोदेशींच्या किमतींतला फरक जमेस धरून), आणि शीट तिन्ही आकडे निमूटपणे एका रकान्यात बसवून सुरेख आलेख काढून देते. म्हणून प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर व्याख्या, एकक, वर्ष आणि आकडा घेतल्याची तारीख लिहिल्याशिवाय त्याखाली एकही आकडा भरायचा नाही.

अशी चूक केवळ मुलांच्या हातून होते असे नाही. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांनी २०१० साली मांडले होते की सार्वजनिक कर्ज स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या ९० टक्क्यांहून अधिक असलेल्या विकसित देशांत सरासरी वाढीचा दर उणे ०.१ टक्के होता. त्या काळातल्या काटकसरीच्या धोरणांच्या चर्चेत हा निष्कर्ष पुष्कळदा पुढे केला गेला. २०१३ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने वर्गातल्या स्वाध्यायासाठी तेच गणित पुन्हा करून पाहिले, मूळ लेखकांकडून त्यांची शीट मिळवली, आणि त्याला दिसले की सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी आलेल्याच नाहीत. मायकेल ॲश आणि रॉबर्ट पोलिन या प्राध्यापकांसह त्याने केलेल्या फेरगणनेत तो दर अधिक २.२ टक्के आला. इथे नेमकेपणा हवा : फरकाचा मोठा भाग सूत्रातल्या चुकीचा नव्हता, तो काही वर्षांची आकडेवारी वगळण्याचा आणि देशांना भार देण्याच्या पद्धतीचा होता; आणि सूत्रातली चूक मान्य करूनही मूळ लेखकांनी आपला मुख्य निष्कर्ष सोडला नाही. वर्गासाठी त्यातून एक थेट नियम निघतो. प्रत्येक गटाची शीट दुसऱ्या गटाने तपासावी, तपासणाऱ्यांना सूत्रे दिसावीत पण बदलता येऊ नयेत, आणि सापडलेली चूक त्यांनी टिप्पणीत लिहावी. तपासणीला स्वतंत्र गुण असावेत. दुसऱ्याचे गणित पुन्हा करून पाहणे हे शास्त्रातले मानाचे काम आहे, आणि आपल्या गुणपत्रिकेत त्याला आज रकानाच नाही.

अडचणींविषयी थोडक्यात लिहिते. त्या खऱ्या आहेत, पण त्यांच्यावर उपाय आहेत. प्रत्येकाकडे उपकरण नसते. वर सुचवलेल्या प्रयोगांपैकी एकालाही प्रत्येकी एक उपकरण लागत नाही. चौघांत एक पुरते, आणि बाजाराच्या प्रयोगात तर चिठ्ठ्या कागदी ठेवून बोली फक्त एका विद्यार्थ्याने मोठ्या पडद्यावरच्या शीटवर टिपत गेले तरी स्मिथ यांचा नियम पाळला जातो. ज्या घरी इंटरनेट नाही तिथे गृहपाठ म्हणून सामायिक दस्तऐवज देणे मात्र अन्यायाचे होईल, म्हणून हे काम शाळेच्या वेळेतच व्हावे, अशी स्पष्ट तरतूद करावी. वेळ कुठून आणायचा, असा प्रश्न आपण विचाराल. समतोल किमतीची तीच आकृती किमान तीन प्रकरणांत पुन्हा येते. त्यातली एक पुनरावृत्ती कमी केली तरी दोन जोड तासिका मोकळ्या होतात.

खासगीपणाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. अर्थशास्त्रात घरगुती अंदाजपत्रक, उत्पन्न, बचत आणि कर्ज हे विषय येतात, आणि ‘आपल्या कुटुंबाची माहिती शीटमध्ये भरा’ असा स्वाध्याय देणे कोणालाही सहज सुचते. तो देऊ नये, अशी स्पष्ट मनाई अभ्यासक्रमात असावी. सामायिक शीटवर एकदा लिहिलेला आकडा नंतर खोडला तरी बदलांच्या इतिहासात राहतो, आणि वर्गातल्या कोणाच्या घरी किती येते हे वर्गाला कळण्याचे काहीच कारण नाही. अशा घटकांसाठी शिक्षकांनी कल्पित कुटुंबे तयार करून द्यावीत. सार्वजनिक वस्तूंच्या प्रयोगात नावे उघडी ठेवायची ती फेरीही विद्यार्थ्यांना आधी सांगूनच घ्यावी. अनेक सेवांच्या अटींत खाते उघडण्याचे किमान वय १३ असते, काही ठिकाणी कायद्याने ते अधिक आहे. तेव्हा विद्यार्थ्यांना स्वतःची खाती उघडायला लावण्याऐवजी संस्थेने दिलेली खाती किंवा खात्याविना चालणारी साधने वापरावीत.

राहिला प्रश्न वर्ष संपल्यावर या शीटचे काय करायचे, हा. सध्या त्या कोणत्या तरी शिक्षकांच्या वैयक्तिक खात्यात पडून राहतात आणि ते शिक्षक बदलून गेले की सापडत नाहीत. माझी सूचना अशी की बाजार आणि योगदानाच्या प्रयोगांच्या शीट निकालानंतर पुसून टाकाव्यात, पण किंमत निर्देशांकाची शीट मात्र नावे काढून पुढच्या तुकडीच्या स्वाधीन करावी. नव्या तुकडीने आधीच्यांच्या व्याख्या आणि टिप्पण्या वाचाव्यात, पटत नसतील तर कारण लिहून बदलाव्यात आणि बदलाच्या वर्षी दोन्ही पद्धतींनी निर्देशांक काढून जुनी आणि नवी मालिका एकमेकींना जोडावी. यासाठी शीटची मालकी संस्थेकडे असेल, संपादनाचा अधिकार फक्त चालू तुकडीला असेल आणि जुन्या वर्षांचे रकाने कुलूपबंद राहतील, एवढी तीन कलमे प्रात्यक्षिक कामाच्या परिशिष्टात घालावीत. त्यांचा मसुदा समितीने मागितल्यास मी तो आनंदाने पाठवीन.

आपली विश्वासू,
उच्च माध्यमिक वर्गांना अर्थशास्त्र शिकवणारी एक शिक्षिका